शरीरात सोडलेलं जनुक पोचलं कुठे? (एका थायरॉइड स्कॅनवरून सुचलेला धागा)

गॅमा_काकू · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला किरणोत्सारी औषध टोचायचं आणि ते अंगात कुठे जमलं याचं चित्र काढायचं, हे तेवीस वर्षं करतेय.

परवा थायरॉइड स्कॅनला एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, बोलके. इंजेक्शननंतर वीसेक मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, माझ्या भाच्याला परदेशात जीन थेरपी देणार आहेत. ते जीन अंगात गेल्यावर तुमच्या या मशीनमध्ये दिसतं का हो?" मी म्हटलं, "छे हो, जीन कसलं दिसतंय. चला, मान मागे करा, आता हलायचं नाही."

संध्याकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवर उभी होते (तो सिग्नल विचार करायलाच ठेवलाय) आणि एकदम डोक्यात आलं, आपण त्या माणसाला अर्धवट उत्तर दिलं. तेही थायरॉइड स्कॅन करताना! स्क्रीनवर त्यांच्या गळ्यात जे चमकत होतं, ती एका जनुकाचीच करामत होती.

थायरॉइडच्या पेशींना आयोडीन लागतं. ते आत घ्यायला पेशीच्या आवरणात एक दार असतं, सोडियम आयोडाइड सिम्पोर्टर. सोडियमच्या Na या खुणेवरून त्याला 'निस' (NIS) म्हणतात. हे दार बनवणारं जनुक १९९६ मध्ये सापडलं. आम्ही टोचतो ते टेक्नेशियम या दाराला आयोडीनसारखंच वाटतं, म्हणून ते आत घेतलं जातं. लाळग्रंथी आणि जठरातही हे दार आहे, म्हणून त्याही चमकतात. बाकीच्या बहुतेक शरीराला हे दारच नाही.

जीन थेरपीत जनुक पेशीत पोचवायचं काम बहुधा एखाद्या विषाणूकडूनच करून घेतात. आता हेच दाराचं जनुक अशा उपचाराच्या विषाणूत घातलं तर? तो विषाणू ज्या पेशीत शिरून कामाला लागेल, त्या पेशीला दार फुटेल. मग वरून थोडं आयोडीन किंवा टेक्नेशियम द्यायचं आणि माझ्याच कॅमेऱ्याखाली झोपवायचं. जिथे चमकेल तिथे विषाणू पोचला आणि कामालाही लागला.

हे माझं स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने गोवराच्या लशीतल्या विषाणूत हे दार बसवून मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून दिलं. २०१४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. विषाणूंची संख्या एकावर अकरा शून्यं, म्हणजे दहा हजार कोटी. नंतर आयोडीन-१२३ देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये विषाणू गाठीत वाढतोय हे दिसलं. त्या अहवालातल्या एका बाईंचा आजार तर पूर्ण आटोक्यात आला.

तर त्या गृहस्थांना काय सांगायला हवं होतं यावर बोलू या. जाणकारांनी भर घाला, चुकत असेन तर कान धरा.

---

सदाशिवपेठी · सोमवार, रात्री १०:३१

नंबर लावून ठेवतो. वाचतोय.

---

फेज३_चा_हमाल · सोमवार, रात्री ११:०२

काकू, भारी धागा. आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही कोडमध्ये प्रिंट स्टेटमेंट टाकताय. प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोचला की स्क्रीनवर उमटणार.

एक बाळबोध शंका. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? विषाणूलाच किरणोत्सारी काहीतरी चिकटवा आणि सोडा. जाईल तिथे दिसेल.

---

गॅमा_काकू · मंगळवार, सकाळी ७:२०

हमालभाऊ, बाळबोध अजिबात नाही, तेही करतात. पण त्यातून वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं.

तुमच्या सोसायटीत कुरिअर येतं. ॲपवर 'डिलिव्हर्ड' दिसतं. तुम्ही घरभर शोधता आणि पार्सल असतं वॉचमनच्या केबिनमध्ये. विषाणूला लेबल चिकटवलं की पार्सल कुठे आहे एवढं कळतं. घरात आलं का, कोणी उघडलं का, आतला मिक्सर चालू झाला का, यातलं काही कळत नाही. दाराच्या युक्तीत मिक्सर चालू झाला तरच दिवा लागतो.

शरीरातली वॉचमनची केबिन म्हणजे यकृत. एएव्ही नावाचे जे छोटे विषाणू जीन थेरपीत सर्रास वापरतात, त्यांना आयोडीन-१२४ चिकटवून माकडांना दिलं आणि पेट (PET) स्कॅन काढले, तर शिरेतून दिलेला बराचसा माल यकृतात दिसला. आयोडीन-१२४ घ्यायचं कारण त्याचं अर्धायुष्य चार दिवसांच्या थोडं वर आहे, दोनचार दिवस पाठलाग करता येतो. रोजच्या पेट स्कॅनचं फ्लोरीन-१८ घेतलं तर ते ११० मिनिटांत निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी बघायला काही उरतच नाही.

आणखी एक भानगड. विषाणू फुटला, पेशी मेली, तरी चिकटवलेलं लेबल तिथेच किंवा शेजारी कुठेतरी चमकत राहू शकतं. रिकामं खोकं.

---

निळावंती · मंगळवार, सकाळी ९:४८

वॉचमनची केबिन 😄 आता लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट बघताना तेच आठवणार.

---

पाषाण_टेकडी · मंगळवार, दुपारी १:१०

मी पाषाण भागातल्या एका प्रयोगशाळेत काम करतो (ओळखणाऱ्यांनी ओळखावं, इथे लिहू नये). काकूंनी सुरुवात छान केली आहे. थोडा इतिहास जोडतो, कारण निसच्या आधी या क्षेत्रात राज्य दुसऱ्याच जनुकाचं होतं.

ओठांवर जर, म्हणजे फोड, आणणाऱ्या हर्पीस विषाणूचं एक एन्झाइम आहे, थायमिडिन कायनेज. त्याची सवय अशी की काही रेणूंना ते फॉस्फेट चिकटवतं, आणि एकदा फॉस्फेट चिकटलं की रेणू पेशीबाहेर पडू शकत नाही. आपल्या पेशींचं स्वतःचं एन्झाइम त्या रेणूंना सहसा हात लावत नाही. त्यामुळे किरणोत्सारी रेणू दिला की फक्त हर्पीसचं जनुक असलेल्या पेशीतच तो अडकतो. गंमत म्हणजे तेच एन्झाइम गॅन्सायक्लोव्हिर या औषधाचं विष करतं आणि पेशी मरते. म्हणजे मारायचं जनुक आणि दिसायचं जनुक एकच.

माणसात याचा पहिला गाजलेला प्रयोग जर्मनीत कोलोनला झाला, २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा फार वाईट कर्करोग झालेले पाच रुग्ण. गाठीत जनुक सोडलं, मग आयोडीन-१२४ लावलेला रेणू देऊन पेट स्कॅन. पाचांपैकी एकात स्पष्ट खूण दिसली. बाकी चौघांत नाही. लोक म्हणतात प्रयोग फसला. मला तो फार प्रामाणिक वाटतो. स्कॅन नसता तर पाचही जणांना 'जीन थेरपी मिळाली' असंच नोंदलं गेलं असतं.

मग २००५, स्पेनमधलं पांप्लोना. यकृताच्या कर्करोगाचे सात रुग्ण, ॲडेनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूतून तेच जनुक. एकावर बारा शून्यं किंवा त्याहून जास्त विषाणू मिळालेल्या सगळ्यांच्या गाठी चमकल्या. नऊ दिवसांनी पुन्हा स्कॅन केला तर काहीच नाही. अंधार. जनुक आलं, काम केलं आणि नवव्या दिवसापर्यंत गप्प झालं. एवढं साधं उत्तर मिळवायला नाहीतर सुई घालून यकृताचा तुकडा काढावा लागला असता, आणि सुई नेमकी कुठे लागली यावर पुन्हा वाद.

---

बुद्रुकचे_जोशी · मंगळवार, दुपारी ३:३७

दोन जर्मनी-स्पेनचे किस्से आणि एक अमेरिका. बाकी सगळं उंदरांवर असणार. उंदीर काजव्यासारखे चमकवतात आणि दर सहा महिन्यांनी पेपरात 'क्रांती' येते. पुण्यातल्या माणसाला याचा उपयोग काय?

---

पाषाण_टेकडी · मंगळवार, दुपारी ४:०५

जोशीबुवा, काजव्याचं तुम्ही उपहासाने म्हणालात, पण उंदरांवर खरोखर काजव्याचंच जनुक वापरतात. ल्युसिफरेज. उंदराला ल्युसिफेरिन टोचायचं, अंधाऱ्या पेटीत ठेवायचं आणि अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने त्याच्या पोटातून येणारा उजेड टिपायचा. किरणोत्सर्ग नाही, खर्च कमी. माणसात चालत नाही, कारण हा उजेड मांसातून जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर बाहेर येतो. उंदराची जाडीच तेवढी. माणसाच्या यकृतातला काजवा कोणाला दिसणार? म्हणून गॅमा किरण लागतात.

---

मुग्धा_कोथरूड · मंगळवार, रात्री ११:४०

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला डूशेन आहे (डीएमडी, स्नायू हळूहळू निकामी होत जातात). जीन थेरपीच्या बातम्या आम्ही घरात रोज वाचतो. ज्या चाचण्यांबद्दल वाचलं त्यात स्नायूचा तुकडा काढून बघतात, आधी एकदा आणि नंतर पुन्हा. त्याची एक बायोप्सी झाली आहे आणि तो अजून त्या हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलं की रडतो.

काकू, वर लिहिलंय तसं स्कॅन करून, न कापता, औषधाचं जनुक स्नायूत पोचलं का हे बघता येत नाही का? असेल तर त्या चाचण्यांमध्ये करत का नाहीत?

---

गॅमा_काकू · बुधवार, सकाळी ६:५५

मुग्धाताई, रात्रीच वाचलं. नीट विचार करून लिहावं म्हणून थांबले.

सरळ उत्तर: डूशेनसाठी असा स्कॅन आज रुग्णांवर होत नाही. मुख्य कारण जागा. एएव्ही विषाणूत साधारण ४,७०० अक्षरांचं जनुक मावतं. डूशेनमध्ये जे प्रथिन नीट बनत नाही ते डिस्ट्रोफिन, त्याचा मजकूरच ११,००० अक्षरांच्या आसपास आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी काटछाट करून 'मायक्रो-डिस्ट्रोफिन' केलं, तेव्हा कुठे ते कसंबसं मावलं. त्यात माझं लाडकं निसचं दार कोंबायचं तर त्याला आणखी १,९०० च्या वर अक्षरं लागतात. रिक्षात चौथी सीट नाही हो.

दुसरं कारण, चमकण्यासाठी घातलेलं प्रथिन परकं असेल तर शरीर त्या पेशीवरच हल्ला करू शकतं. हर्पीसच्या एन्झाइमची हीच अडचण आहे. निस माणसाचंच आहे म्हणून त्याला पसंती.

म्हणून बायोप्सी. अमेरिकेत जून २०२३ मध्ये चार-पाच वर्षांच्या डूशेनच्या मुलांसाठी जी जीन थेरपी मंजूर झाली, ती मंजुरीच मुळात बायोप्सीत दिसलेल्या मायक्रो-डिस्ट्रोफिनच्या आधारावर होती.

तुम्ही एमआरआयबद्दल ऐकाल. मांड्यांचा एमआरआय करून स्नायूत चरबी किती टक्के झाली ते मोजतात. तो चांगला उपयोगी आहे, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. पण तो स्नायूची तब्येत सांगतो, जनुक पोचलं की नाही हे सांगत नाही. आणि तब्येतीतला फरक दिसायला महिने जातात.

लेकाला सांगा, एमआरआयचं मशीन फक्त आवाज करतं. आधी मोबाईलवर तो ठकठक आवाज ऐकवून ठेवा, घरी पलंगाखाली 'पुतळा पुतळा' खेळा. आमच्याकडची पुष्कळ मुलं अशी तयारी करून भूल न देता करतात.

---

मुग्धा_कोथरूड · बुधवार, सकाळी ८:३०

जागेचं आम्हाला आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. 'शक्य नाही' एवढंच सांगतात. आभारी आहे काकू.

---

डेक्कनची_राणी · बुधवार, सकाळी ११:१५

मग ते १६ कोटींचं इंजेक्शन? पिंपरी-चिंचवडला, पुण्यात बाळांसाठी लोकांनी वर्गण्या काढल्या होत्या, आमच्या ऑफिसनेही दिले होते. एवढे पैसे घालून ते पोचलं की नाही हे बघायचा स्कॅन नाही?

---

पाषाण_टेकडी · बुधवार, दुपारी १२:५०

एसएमए, म्हणजे चेतापेशी मरून बाळाचे स्नायू दुबळे होतात त्या आजाराचं झोल्गेन्स्मा म्हणताय तुम्ही. अमेरिकेत मे २०१९ मध्ये मंजूर, तेव्हाची किंमत २१ लाख डॉलर. त्यासाठी स्कॅन वापरत नाहीत. दर किलो वजनामागे एकावर चौदा शून्यांहून जास्त विषाणू शिरेतून देतात आणि पुढे मूल मान धरतं का, बसतं का, श्वास कसा घेतं ते पाहतात. सोबत काही महिने यकृताच्या रक्ततपासण्या आणि स्टिरॉइड. का? वॉचमनची केबिन पार्सलांनी भरून जाते म्हणून. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशींसाठी हा खटाटोप, तिथे पोचतो तो त्यातला थोडा हिस्सा.

कुठे पाहायचं आणि कुठे नाही याचंही तारतम्य हवं. हिमोफिलियाच्या जीन थेरपीत यकृतालाच रक्त गोठवणारा घटक बनवायला लावतात. तिथे रक्ताचा एक नमुना काढला की कळतं. स्कॅनची हौस कशाला?

वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने हिमोफिलिया ए साठी वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांत जनुक घातलं आणि त्या परत दिल्या. पाच रुग्णांचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आले. तिथेही मोजमाप रक्तातच. जोशीबुवा, वेल्लोर भारतात आहे.

---

बुद्रुकचे_जोशी · बुधवार, दुपारी १:३०

नकाशा आहे माझ्याकडे. प्रश्न तोच आहे. रक्तातच कळत असेल तर मग स्कॅन हवाच कशाला?

---

पाषाण_टेकडी · बुधवार, रात्री ९:२५

जोशीबुवांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर.

१९९९, पेनसिल्व्हेनिया. जेसी गेलसिंगर, वय १८. यकृतातल्या एका एन्झाइमचा आजार, पण गोळ्या आणि पथ्यावर बरा चालला होता. १३ सप्टेंबरला यकृताच्या धमनीतून थेट ॲडेनोव्हायरस दिला, कल्पना अशी की माल यकृतातच राहील. चार दिवसांत तो गेला. प्रतिकारशक्तीचा प्रचंड भडका उडाला होता. नंतरच्या तपासणीत विषाणू यकृताबाहेर प्लीहा, लसिका गाठी, अस्थिमज्जा इथेही सापडला. स्कॅन असता तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण 'यकृतात देतोय म्हणजे यकृतातच राहील' हे गृहीत होतं आणि जिवंत माणसात ते तपासायला कोणाकडे काही नव्हतं.

दुसरं, जिथे रक्त काही सांगत नाही अशी जागा म्हणजे मेंदू. तिथला मला सर्वांत आवडणारा प्रकार एएडीसी नावाच्या एन्झाइमचा. हे एन्झाइम एल-डोपापासून डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन, बनवतं. जन्मतः नसेल तर मूल मान धरत नाही, तासन् तास डोळे वर फिरतात, हातपाय वेडेवाकडे वळतात. फार दुर्मीळ आजार, तैवानमध्ये त्या मानाने जास्त. तिथल्याच डॉक्टरांनी मेंदूतल्या पुटामेन या भागात थेट हे जनुक सोडलं. युरोपात जुलै २०२२ मध्ये आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये ही थेरपी मंजूर झाली.

आता गंमत बघा. पार्किन्सनसाठी एफ-डोपा नावाचा पेट स्कॅन आधीपासूनच आहे. फ्लोरीन-१८ लावलेला डोपा. त्याला मेंदूत अडकवणारं एन्झाइम कोणतं? एएडीसीच! म्हणजे वेगळं चमकणारं जनुक घालायची गरज नाही, उपचाराचं जनुकच चमकवतं. उपचाराआधीच्या स्कॅनमध्ये त्या मुलांचं पुटामेन काळोखं, नंतरच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना उजळलेलं, आणि पुढची काही वर्षंही ते टिकलेलं.

अमेरिकेतल्या एका गटाने मेंदूच्या आणखी आतल्या भागात हेच जनुक दिलं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी विषाणूच्या द्रावात एमआरआयवर उठून दिसणारं गॅडोलिनियमचं औषध मिसळलं आणि मूल एमआरआयमध्ये असतानाच द्राव हळूहळू सोडला. द्राव कुठवर पसरला ते त्याच वेळी पडद्यावर दिसत होतं. कमी पडला तर आणखी, भलतीकडे चालला तर थांबा. एमआरआयने त्याच दिवशी द्राव दाखवला आणि नंतर पेटने काम दाखवलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की कुठे माल गेला पण काम झालं नाही तेही कळतं.

---

सदाशिवपेठी · बुधवार, रात्री ९:५८

हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. याचा वेगळा लेख व्हायला हवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

गॅमा_काकू · बुधवार, रात्री १०:२०

टेकडीसाहेब, क्या बात है. मग हर्पीसवाल्या जनुकाचा फ्लोरीन-१८ चा रेणू मेंदूसाठी वापरावा की, सायक्लोट्रॉनवर (किरणोत्सारी द्रव्यं बनवायचं यंत्र) तोही बनवता येईल.

---

पाषाण_टेकडी · बुधवार, रात्री १०:४४

काकू, तुम्ही म्हणालात म्हणून कान धरतो 🙂 तो रेणू, एफएचबीजी, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडत नाही. निरोगी मेंदूत जनुक कितीही काम करत असलं तरी चित्र काळंच येईल, आणि आपण म्हणू जनुक पोचलं नाही. गाठीने ती भिंत फोडलेली असेल तिथेच तो शिरतो. पोटातही त्रास आहे, कारण तो पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे आतडी आणि मूत्राशय आधीच लखलखतात.

पण फुटलेल्या भिंतीचा फायदा घेऊन केलेलं मोठं काम संजीव गंभीर यांचं. जन्म अंबाल्याचा, काम स्टॅनफर्डचं. मेंदूच्या कर्करोगावर सोडलेल्या टी पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) हे जनुक घालून त्या पेशी माणसात पेटवर दाखवल्या, आधी २००९ मध्ये एका रुग्णात, मग २०१७ मध्ये सात जणांत. २०२० मध्ये ते स्वतः कर्करोगाने गेले.

---

गॅमा_काकू · बुधवार, रात्री १०:५१

बरोबर, चुकलेच. कान लाल.

टी पेशींवरून आठवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला मंजुरी मिळाल्यापासून कार-टीबद्दल (रुग्णाच्याच टी पेशींत जनुक घालून त्यांना कर्करोगावर सोडायचा उपचार) विचारणारे पेशंट वाढलेत. त्यांना वाटतं पेट स्कॅनमध्ये नव्या पेशी दिसतील. नाही. आपला नेहमीचा पेट म्हणजे साखर. जो जास्त साखर खातो तो चमकतो. गाठही खाते, लढणारी टी पेशीही खाते. कधी कधी उपचार सुरू झाल्यावर गाठ आधीपेक्षा जास्त पेटलेली दिसते आणि नातेवाईक कॉरिडॉरमध्येच रडायला लागतात, आणि ती सूज असते. म्हणून रिपोर्ट वाचताना डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: यात चमकतंय ते नक्की काय आहे?

---

सुनंदा_आजी · गुरुवार, सकाळी १०:०५

जरा अवांतर विचारते, रागावू नका. यांचा पेट स्कॅन झाला तेव्हा नातीला दिवसभर जवळ घेऊ नका म्हणाले. तुमचं हे जीन थेरपीचं झालं तर महिनाभर दूर बसायचं का?

---

गॅमा_काकू · गुरुवार, सकाळी १०:४०

आजी, रागवायचं काय त्यात. किरणोत्सर्ग जनुकात नसतो, आम्ही टोचतो त्या औषधात असतो. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ शून्य. पूर्वी आमच्याकडे हे औषध मुंबईहून गाडीने यायचं. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की आमच्या पोटात गोळा. पावणेचार तास उशीर म्हणजे डोस पावाहून कमी. सकाळपासून उपाशी बसलेले पाच पेशंट, औषध तिघांपुरतं, आणि शिव्या खाणार टेक्नॉलॉजिस्ट.

आयोडीन-१२४ किंवा झिरकोनियम-८९ मात्र दिवसचे दिवस टिकतात, तिथे मात्रा आणि अंतर दोन्ही जपावं लागतं. लहान मुलांत असे स्कॅन पुन्हा पुन्हा करायला डॉक्टर कचरतात ते त्यामुळेच.

नातीला आता खुशाल घ्या.

---

फेज३_चा_हमाल · गुरुवार, दुपारी २:१५

आमच्याकडे बग सापडला की प्रिंट स्टेटमेंट काढून टाकतात. इथे ते निसचं दार पेशीत कायमचं राहतं का?

---

पाषाण_टेकडी · गुरुवार, दुपारी ३:००

जनुक जितके दिवस बोलेल तितके दिवस दार राहील. ते वाईटच असतं असंही नाही. त्याच दारातून जास्त ताकदीचं आयोडीन-१३१ आत सोडून कर्करोगाची पेशी मारता येते, थायरॉइडच्या कर्करोगात तेच करतात. मात्र जी पेशी जगवायची आहे, तिच्यात नको ते दार. प्रत्येक चाचणीत हा वाद होतो.

---

मुग्धा_कोथरूड · शुक्रवार, रात्री ९:१०

आज न्यूरोच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. एका परदेशी चाचणीचं संमतीपत्र होतं, बावीस पानांचं. 'इमेजिंग' हा शब्द त्यात सात वेळा आला आहे. मी काकूंचा प्रश्न विचारला, "यात चमकेल ते नक्की काय असेल?" डॉक्टर थांबले, मग पेन काढून कागदावर मांडी काढली आणि समजावलं. चरबी. फक्त चरबी मोजणार आहेत. जनुकासाठी बायोप्सी एकदाच, वर्षाने, आणि ती भूल देऊन. पहिलीला भूल दिली नव्हती, जागा बधिर केली होती.

अजून सही केलेली नाही. पलंगाखाली पुतळा पुतळा चालू आहे. परवा अकरा मिनिटं न हलता राहिला, बारावीला हसला.

---

निळावंती · शुक्रवार, रात्री ९:२२

अकरा मिनिटं! मी सिग्नललाही राहत नाही.

---

गॅमा_काकू · शनिवार, दुपारी ४:३५

मुग्धाताई, अकरा म्हणजे पुष्कळ. मांड्यांच्या स्कॅनचे तुकडे असतात, मधे त्याला खोकायला, नाक खाजवायला मिळेल. तंत्रज्ञाला आधीच सांगून ठेवा की तुकडे कधी बदलतात ते लेकाला मोठ्याने सांगा.

आणि आजचा किस्सा. ते थायरॉइडवाले गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले होते. मी त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं: दार, वॉचमन, कोलोनचे पाच जण, काळोखं पुटामेन. भाच्याला कोणता आजार ते विचारलं. म्हणाले, डोळ्यांचा, पडद्याचा. म्हटलं मग तर सोपं, तिथे कॅमेराही नको, सर्जन पडद्याखाली द्राव सोडतानाच मायक्रोस्कोपमधून तो फुगा वर येताना बघतो, आणि नंतर पडद्याचे थर ओसीटी या डोळ्याच्या स्कॅनवर दिसतात. जनुक बोललं का, ते मात्र मुलगा अंधुक उजेडात चालतो कसा त्यावरून कळतं. मंद प्रकाशात अडथळ्यांतून चालायला लावतात, तीच परीक्षा.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार छान सांगितलंत मॅडम. आता माझी थायरॉइड कशी आहे ते सांगता का?"

म्हटलं, ते डॉक्टर सांगतील.